उजेड विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरही हवा

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) झालेल्या मुलांच्या पालकांसाठी माहितीचा व्हिडिओ करायचा होता. शूटिंग पुण्यात धायरीतल्या एका फ्लॅटमध्ये; कॅमेऱ्यासमोर आई, बाबा, आजी आणि इम्प्लांट झालेली सात वर्षांची मुलगी. साउंड माझ्याकडे.

घरात शूट करताना पंखा बंद, फ्रिज बंद (गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे निघताना तो चालू करायचं राहत नाही), आणि आवाज घुमू नये म्हणून कॅमेऱ्यामागे रजया टांगायच्या. हे आम्ही माइकसाठी करतो. या मुलीलाही नेमकं हेच लागतं. कानामागच्या यंत्राचा माइक आवाज टिपतो, डोक्याला चुंबकाने चिकटलेली कॉइल तो आत पोहोचवते आणि कानातली बारीक तार श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत देते. शांत खोलीत, मीटरभर अंतरावरून बोललेलं नीट कळतं. पंख्याची घरघर मिसळली की शब्द सुटे करणं जड जातं.

आजी सिल्कची साडी नेसून तयार होत्या, पण पदराची सळसळ रेकॉर्ड होत होती. विनंती केल्यावर त्या सुती साडी नेसून आल्या. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या लॅपल माइकवर (कपड्याला लावायचा छोटा माइक) टकटक वाजत होत्या. मेडिकल टेपचा तुकडा लावून त्या जागेवर बसवल्या. मुलीला लॅपल लावलाच नाही, बूम (लांब दांड्यावरचा माइक) वरून धरला. अंगावर आधीच एक यंत्र सांभाळणाऱ्या लेकराला दुसरं कशाला?

खरी अडचण तिच्या मुलाखतीत आली. आईशी भरभर बोलणारी मुलगी दिग्दर्शिकेला फक्त ‘हो’, ‘नाही’ म्हणत होती. सगळ्यांना वाटलं, लाजतेय. आई म्हणाली, “ताई, तिला तुमचा चेहराच दिसत नाहीये.”

मांडणी नेहमीचीच होती. मुख्य लाइट मुलीवर, आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई त्याच्या शेजारी अंधारात, तोंडापुढे प्रश्नांचा कागद धरलेला. ओठ वाचायला वावच नव्हता. मग एक छोटा एलईडी मंद करून ताईंच्या चेहऱ्यावर वळवला, खुर्ची मीटरभर अंतरावर आणली, कागद खाली ठेवला. क्लॅपही (शॉटच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) हळू टेकवला. त्याचा खट्‌कन आवाज अशा यंत्रातून टोचू शकतो. ‘अ‍ॅक्शन’ ओरडण्याऐवजी हात वर करायचा असं ठरलं.

मग ती बोलू लागली. “बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात ना, तेव्हा मला काहीच कळत नाही.” व्हिडिओत शिक्षकांना सांगायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि ती आमच्या स्क्रिप्टमध्ये नव्हती.

मध्येच यंत्राची बॅटरी संपली. बाबांनी सुटी बॅटरी खिशातच ठेवली होती. अशा वेळी प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायचा, कारण अर्धा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही घ्यावी लागते. माझ्या मते अशा मुलांसाठी 3 तासही फार आहेत. लक्ष देऊन ऐकण्याचा थकवा मोठा असतो. आम्ही दर वीस मिनिटांनी थांबलो.

एडिटमध्ये कुणी बोलत असताना त्यावर घराची, खेळण्यांची दृश्यं टाकली नाहीत. बोलणाऱ्याचा चेहरा समोर ठेवला आणि खाली मराठी मजकूर दिला, कारण हा व्हिडिओ अशी मुलंही बघणार होती.