बॅनर 4,800, डांबर 1,350

चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं ते गेल्या वर्षीच्या सभेला मी पोचले नाही म्हणून. गैरहजर असेल त्याचं नाव सुचवायचं, ही आमच्या संघाची जुनी रीत. संघ म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले छोटे कंत्राटदार, निवृत्त इंजिनिअर, दोन-चार पंचायत सदस्य आणि काही मुकादम. बाबांच्या माघारी त्यांचा धंदा माझ्याकडे आला, त्याबरोबर ही सभासदकीही. संघाचं काम एकच: ग्रामपंचायतीच्या रस्त्यांवर राबणाऱ्या माणसांना वर्षातले चार-पाच दिवस शिकवायचं. खड्डा कसा भरायचा, रस्त्याखालची मोरी कधी साफ करायची, स्पीडब्रेकर कसा घालायचा. हा शेवटचा विषय तर फारच गरजेचा. आयआरसीच्या, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या, पुस्तकात 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असं माप आहे. आमच्या गावांत एका रात्रीत जो उंचवटा तयार होतो त्यावर बाळंतिणीला घेऊन रिक्षा जात नाही.

तर वार्षिक सभा. आमची संस्था 1960 च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, त्यामुळे वर्षातून एकदा सभा घ्यायची, हिशेब मंजूर करून घ्यायचे आणि निबंधकांकडे कागद दाखल करायचे, यातून सुटका नाही. मला वाटलं, एका रविवारचं काम. दोन महिने गेले.

पहिली ठेच नोटिशीला लागली. आमच्या पोटनियमात 21 दिवस आधी लेखी नोटीस, असं आहे. मी ती व्हॉट्सॲपवर टाकली, चाळीसेक अंगठे आले, मी निर्धास्त. आमचे निवृत्त इंजिनिअर, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात, त्यांचा संध्याकाळी फोन. "अंगठा म्हणजे पोच नव्हे, बाई. उद्या कुणी म्हणालं मला नोटीसच नाही, तर अख्खी सभा रद्द." मग नोटीस-वही घेऊन सह्यांसाठी फिरले. उद्यमबाग, शहापूर, येळ्ळूर एका दिवसात झालं. जांबोटीकडे मात्र पावसाने दोनदा परत पाठवलं. सह्या घेता घेता वर्गणीही गोळा केली, कारण थकबाकीदाराला मत नाही. नव्या चिटणिसाने हे एवढं तरी ऐकावं: नोटीस आणि वर्गणी एकाच फेरीत उरका.

गणपती झाल्यावरचा दुसरा रविवार, टिळकवाडीतला भाड्याचा हॉल, सकाळी साडेदहा. सभासद 57. कोरम एक तृतीयांश, म्हणजे 19. हजर 14. उप्पीट मात्र चाळीस जणांचं सांगितलेलं.

नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब केली. त्यानंतर त्याच जागी भरलेल्या सभेला कोरम लागत नाही. या अर्ध्या तासात साहेब जयकरांवर येतात, हे सगळ्यांना पाठ आहे. "आपल्या मुकुंदराव जयकरांची रस्त्यांबद्दलची समिती 1927 सालची. तिच्या शिफारशीवरून 1934 ला इंडियन रोड्स काँग्रेस निघाली. रस्त्याची अक्कल एकत्र बसून वाढते, हे तेव्हा कळलं होतं." या वेळी त्यांना एक प्रतिस्पर्धी मिळाला. एका काकांचा मुलगा अमेरिकेत कुठल्याशा काउंटीत रस्त्यांच्या खात्यात आहे. तिथे गावपातळीवरच्या रस्तेवाल्यांना शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम 1982 पासून चालतो. आधी तो खेड्यांपुरता होता, 1991 च्या कायद्यानंतर शहरांनाही लागू झाला. प्रत्येक राज्यात त्याचं केंद्र, आणि या केंद्रांचीही मिळून एक संघटना. "तिचीसुद्धा अशीच सभा होते," काका म्हणाले. "हिशेब, निवडणूक, सगळं." "कोरम होतो काय?" मागून कुणीतरी विचारलं.

मागल्या सभेचं इतिवृत्त, वार्षिक अहवाल, दोन्ही मान डोलावून मंजूर. मग मी हिशेब वाचायला घेतला. ऑडिट झालेला, छापील, आकडे जुळलेले. मी भराभर वाचत होते. चहा-नाश्ता 7,200. बॅनर व प्रमाणपत्रं 4,800. प्रवास 3,100. डांबर व खडी 1,350.

"ताई, जरा थांबा." जांबोटीकडचे एक मुकादम, साठीतले. बाबांच्या कामांवर असायचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. गेल्या दहा वर्षांत ते सभेत एक शब्द बोलले नव्हते. "ते डांबराचं परत वाचा की."

वाचलं.

"आणि बॅनरचं?"

वाचलं.

"मग खड्ड्यात बॅनर घालायचं हाय काय?"

हसू फुटलं, पण मामा हसले नाहीत. त्यांनी समोरची उप्पिटाची प्लेट ओढली आणि चमच्याने त्या गोळ्यात मधोमध एक खळगा केला, बशीसारखा, कडांना उतरता. "आमची पोरं असा खड्डा भरत्यात. मुरूम टाकला, वर डांबर ओतलं, झालं. कडंला थर पातळ. चाक लागलं की ती कड पयली उडती." मग चमच्याच्या दांड्याने त्यांनी खळग्याच्या चारही बाजू सरळ उभ्या कापल्या, चौकोन केला, आतला भुगा उचलून प्लेटच्या काठाला ठेवला. "कड उभी. तळ घट्ट लागंस्तोवर खणायचं. पाणी, माती सगळं भायेर. मग डांबराचा हात मारायचा, थर टाकायचा, धुमस मारायचा, पुना थर. हे फळ्यावर शिकवून येतंय काय? डांबर नको काय हाताखाली?"

साहेब उठून प्लेटीपाशी आले. हे सगळं ते वर्गात चित्रं काढून शिकवतात. ते फक्त म्हणाले, "बरोबर आहे."

मामांचं संपलं नव्हतं. गेल्या वर्षी खड्ड्यांचा वर्ग आम्ही जुलैत ठेवला होता, पाऊस लागल्यावर खड्डे दिसतात म्हणून. आले अकरा जण. आम्ही अहवालात 'अल्प प्रतिसाद' लिहून मोकळे झालो होतो. "जुलैत खानापूर तालुक्यात माणूस चिखलात असतोय, ताई. रोप लावायचं सोडून तुमच्या फळ्यापुढं कोण बसंल? आणि भर पावसात भरलेला खड्डा टिकतोय तरी काय?" हा अहवाल मीच टाइप केला होता. 'अल्प प्रतिसाद' लिहिताना मला भाताची लावणी आठवली नव्हती, आणि आमचं स्वतःचं दीड एकर भात आहे.

बॅनर काढून टाकायला एका कंत्राटदाराचा विरोध होता, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. बॅनरवर नाव येतं म्हणूनच देणगी मिळते. शेवटी तोडगा त्यानेच काढला: साल न घालता एकच कापडी बॅनर करायचा, पाच वर्षं वापरायचा. उरलेले पैसे इमल्शन (पातळ डांबर), खडी आणि धुमस यांना. मोऱ्या-गटारांचा वर्ग एप्रिलात, खड्ड्यांचा सुगी आटपल्यावर डिसेंबरात. हात वर झाले. निवडणूक पाच मिनिटांत उरकली, कारण कुणालाच पद नको होतं. मामांना मात्र कार्यकारिणीवर घेतलं.

रात्री मी इतिवृत्त लिहिलं: 'प्रशिक्षणाच्या वेळेबाबत सविस्तर चर्चा झाली.' साहेबांनी लाल पेनाने काट मारली. चर्चा झाली म्हणजे काही ठरलं नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण, काय ठरलं, कधीपासून, हे हवं. चार वेळा लिहिलं. मग कन्नड भाषांतर, कारण दाखल करायचे कागद कन्नडमध्ये. मी धास्तावले होते, पण शेजारच्या कन्नड शिक्षिकेबरोबर बसले तर निम्मे शब्द ओळखीचेच निघाले. ठरावाला ठरावु, सहीला सही, जमाखर्चाला जमाखर्चु, हजेरीला हाजरी. इतिवृत्ताला नडावळी म्हणतात, तेवढा एक नवा शिकले.

कायद्याप्रमाणे सभेनंतर 14 दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकांकडे द्यायचे. दहाव्या दिवशी गेले, तर यादीत व्यवसायाचा रकानाच नाही. चूक माझीच, नाव आणि पत्ता लिहून थांबले होते. परत येऊन एकेकाला फोन लावत बसले. कंत्राटदार, निवृत्त, कंत्राटदार, दुकान. मामांनी फोन उचलला तेव्हा मागे पाऊस वाजत होता.

"व्यवसाय काय लिहू, मामा? मुकादम की शेती?"

"दोन्ही लिवा की. जुलैत शेती, डिसेंबरात मुकादम."

तेराव्या दिवशी पोचपावतीवर शिक्का पडला. यादीत सातव्या ओळीला 'शेती व मुकादमी' असं आहे.