कीबोर्डमधल्या फाइली: काय हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही

रजिस्ट्रेशनचं (साठवलेल्या सेटिंग्ज एका दाबात लावणारं) बटण दाबलं, टोन बरोबर लागला, टेम्पोही आला, पण रिदम मात्र आधीच्या गाण्याचाच राहिला. अरेंजर कीबोर्ड (रिदमची साथ आपोआप देणारा कीबोर्ड) वाजवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. लोक लगेच कीबोर्डला दोष देतात, कुणी सर्व्हिस सेंटरही गाठतं. बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच की, कधीतरी निवांत बसून पेनड्राइव्ह 'नीट लावला' आणि स्टाइलची (म्हणजे तयार रिदम-साथीची) फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेली.

खाली लिहिलेलं मुख्यतः यामाहाच्या पीएसआर-एस आणि पीएसआर-एसएक्स मालिकेला धरून आहे (एस९७५, एसएक्स७००, एसएक्स९०० वगैरे). यामाहाच्याच जेनोसचं वागणंही याच धर्तीचं आहे. कॉर्गचं तंत्र निराळं, त्याबद्दल पुढे.

रजिस्ट्रेशन बँकेत (सगळ्या रजिस्ट्रेशन बटणांची मिळून एक फाइल) स्टाइल नसते, स्टाइलचा पत्ता असतो. कुठला ड्राइव्ह, कुठला फोल्डर, फाइलचं नाव काय, इतकंच. मल्टी पॅड (बटणावर वाजणारे छोटे तुकडे) आणि मिडी साँगचंही तसंच. एसएक्समधल्या प्लेलिस्टमध्ये बँकसुद्धा नसते, बँकेचा पत्ता असतो. म्हणजे साखळी अशी: प्लेलिस्ट बँकेकडे बोट दाखवते, बँक स्टाइल आणि पॅडकडे, आणि ऑडिओ लिंक मल्टी पॅड (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारा) असेल तर तो आणखी खाली एखाद्या वेव्ह फाइलकडे. या साखळीत जी फाइल जितकी खाली, तितकी ती हलवणं धोक्याचं. प्लेलिस्ट खुशाल कुठेही ठेवा, काही बिघडत नाही. बँक हलवली तर फक्त प्लेलिस्ट तुटते. स्टाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं, तर ती जिथे जिथे वापरली त्या सगळ्या बँका लंगड्या होतात. आणि तबल्याच्या लूपची वेव्ह फाइल हलवली तर पॅड दिसतो, पण वाजत नाही.

म्हणून फोल्डरचा सांगाडा एकदाच, आणि एकही रजिस्ट्रेशन करण्याआधी ठरवायचा. आधीच शंभर बँका झाल्या असतील तर जुनं आहे तिथेच राहू द्या आणि नवीन कामासाठी नवा सांगाडा उभा करा. जुनं आवरायचा मोह टाळलेला बरा.

सांगाडा उथळ ठेवा. यूजर ड्राइव्हमध्ये (कीबोर्डच्या आतल्या जागेत) फोल्डरच्या आत फोल्डर चार पातळ्यांपर्यंतच जातात, पण खरं तर दोनच्या पुढे जायची गरज पडत नाही. स्टेजवर तीनदा टच करून आत शिरायला वेळ कुणाला आहे? स्टाइलसाठी तालानुसार फोल्डर केले की आपल्याकडच्या कार्यक्रमांना पुरतं: दादरा, केरवा, भजनी, रूपक, लावणी, कोळी, वेस्टर्न. दादऱ्यात सहा मात्रांचं सगळं एकत्र टाकू नका. कोळीगीताचा ठेका आणि भावगीताचा दादरा मात्रांनी सारखे असले तरी शोधताना तुम्ही ते कधीच एका जागी शोधत नाही.

आता नावं. कीबोर्डच्या पडद्याला देवनागरी येत नाही. कंप्युटरवर देवनागरीत नाव देऊन फाइल टाकली तर यादीत भलतीच चिन्हं दिसतात, म्हणून नावं रोमन अक्षरांतच टाइप करा. तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, अपूर्णविराम, तारांकित चिन्ह, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, मोठं-लहान दाखवणारी कोनी चिन्हं आणि उभी रेघ ही नऊ चिन्हं नावात चालत नाहीत. जागा सोडण्याऐवजी अंडरस्कोअर वापरा.

आकडे नेहमी सारख्या लांबीचे लिहा. यादी अक्षरानुसार लागते, त्यामुळे साध्या आकड्यांत १ नंतर १० येऊन २ मागे पडण्याची भीती असते. ०१, ०२ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. टेम्पो तीन आकडी लिहा: ०८८, ०९६, १२४. पडद्यावर लांब नावाचा शेवट दिसतोच असं नाही, म्हणून कामाची गोष्ट आधी. स्टाइलच्या नावाचा क्रम असा ठेवता येतो: आधी ताल, मग टेम्पो, मग चाल कशी आहे ते, आणि शेवटी कुठल्या मॉडेलची आहे ते. उदाहरणार्थ (प्रत्यक्षात रोमन अक्षरांत) 'केरवा_०९६_ढोलकी_एस९७५'. 'न्यू', 'फायनल', 'बेस्ट' हे शब्द नावातून हद्दपार करा. सहा महिन्यांनी 'फायनल_२' मध्ये काय आहे, ते वाजवून पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

मॉडेल कशासाठी लिहायचं? बाजारात मिळणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये हजारो 'इंडियन रिदम' असतात आणि ते वेगवेगळ्या कीबोर्डवर बनवलेले असतात. स्टाइलच्या फाइलमध्ये सहसा आवाज नसतो. कुठल्या चॅनेलवर कुठला टोन लावायचा त्याचे नंबर असतात. तो टोन तुमच्या कीबोर्डमध्ये नसेल तर त्या जागी दुसराच वाजतो किंवा तो चॅनेल गप्प राहतो. ढोलकीच्या जागी ड्रमचा टॉम किंवा काउबेल ऐकू आली तर कारण हेच. अशी स्टाइल आवडली असेल तर स्टाइल क्रिएटरमध्ये (स्टाइल दुरुस्त करायच्या पानावर) जा. रिदम १, रिदम २, बेस, कॉर्ड १, कॉर्ड २, पॅड, फ्रेज १ आणि फ्रेज २ हे आठ चॅनेल एकेक करून ऐका, चुकीच्या चॅनेलला तुमच्याकडचा टोन किंवा ड्रम किट द्या आणि नव्या नावाने सेव्ह करा. त्याच बैठकीत वन टच सेटिंगची (स्टाइलला साजेसे टोन लावणारी) चारही बटणं पाहून घ्या. ती सेटिंग्ज स्टाइलच्या फाइलमध्येच साठवलेली असतात, त्यामुळे मूळ बनवणाऱ्याचे टोन तिथे बसलेले असतात.

विकत किंवा फुकट आलेला हा सगळा माल थेट कीबोर्डमध्ये ओतू नका. तो कंप्युटरवर 'गोदाम' म्हणून राहू द्या. एका पेनड्राइव्हवर पन्नास-पन्नास स्टाइली नेऊन ऐका, पसंत पडलेल्या दहा-बारा दुरुस्त करून, नाव देऊन कामाच्या फोल्डरमध्ये घ्या. एका फोल्डरमध्ये शेकडो फाइली असल्या की यादी उघडायलाही वेळ लागतो आणि शोधायलाही.

कीबोर्डवरची फाइलींची कामं सोपी आहेत. एस मालिकेत फाइलींच्या पडद्याच्या खालच्या बाजूला नाव, कट, कॉपी, पेस्ट, डिलीट, सेव्ह आणि फोल्डर असे पर्याय असतात, एसएक्समध्ये तेच मेनूच्या चिन्हात आहेत. प्रीसेट (कंपनीने आत भरलेल्या फाइली) हलवता किंवा पुसता येत नाहीत. एक गोष्ट गोंधळात टाकते: स्टाइलच्या पडद्यावर फक्त स्टाइली दिसतात, टोनच्या पडद्यावर फक्त टोन. पेनड्राइव्हवरचा फोल्डर रिकामा दिसला म्हणून तो पुसून टाकण्याआधी कंप्युटरवर उघडून बघा. बँका असतील आत.

रजिस्ट्रेशनची बँक गाण्याप्रमाणे करावी की कार्यक्रमाप्रमाणे, यावर मतभेद आहेत. आठ बटणांवर आठ गाणी ठेवणारे पुष्कळ आहेत. मला एक गाणं एक बँक हेच पटतं. समजा गवळण आहे. बटण १ वर सुरुवातीची बासरी, २ वर धृपदाला हार्मोनिअम, ३ वर मधल्या म्युझिकचे व्हायोलिन, ४ वर अंतऱ्यासाठी तीच स्टाइल पण मेन बी (तिचाच दुसरा प्रकार), ५ वर शेवटची द्रुत लय. उरलेली बटणं रिकामी राहिली तर राहू द्यावीत. क्रम बदलला, गाणं गळलं, गायिका बदलली, तरी बाकीच्या गाण्यांना धक्का लागत नाही.

बँकेच्या नावात पट्टी लिहा. 'गवळण_पां४' म्हणजे पांढरी चार, 'गवळण_का१' म्हणजे काळी एक. ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करण्याची सोय) रजिस्ट्रेशनमध्ये साठवला जातो, त्यामुळे दुसऱ्या गायिकेसाठी बँक कॉपी करून सगळ्या बटणांचा ट्रान्सपोज बदलून सेव्ह केली की झालं. ऐनवेळी पट्टी बदलली तर मात्र फ्रीझ कामाला येतं. रजिस्ट्रेशन फ्रीझच्या पानावर ट्रान्सपोजला टिक करा आणि फ्रीझ चालू ठेवा. मग बटणं बदलली तरी हाताने लावलेली पट्टी हलत नाही. गाणं संपल्यावर फ्रीझ बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढचं गाणंही त्याच पट्टीत.

मेमरी दाबून नंबरचं बटण दाबलं म्हणजे फाइल झाली असं नव्हे. बँक वेगळी सेव्ह करावी लागते. मेमरीच्या पडद्यावरच्या चौकोनांत स्टाइल, टेम्पो, मल्टी पॅड यांपैकी ज्याला टिक नाही, ते साठवलं जात नाही. 'टोन येतो पण रिदम येत नाही' या तक्रारीचं दुसरं कारण हे.

कार्यक्रमाचा क्रम बँकांच्या नावात घुसवू नका, निदान मूळ बँकांच्या तरी नाही. एसएक्सवर प्रत्येक कार्यक्रमाची प्लेलिस्ट करा, गाण्याच्या नोंदीला बँक जोडा आणि कुठलं बटण आपोआप लागावं तेही तिथेच ठरवा. क्रम बदलायचा तर नोंद वर-खाली सरकवा. एस मालिकेत अशी प्लेलिस्ट नाही. तिथे कार्यक्रमाच्या नावाचा फोल्डर करा आणि बँकांच्या प्रती ०१, ०२ असे आकडे लावून त्यात टाका. रजिस्ट बँकेची अधिक-उणे बटणं त्याच फोल्डरमधल्या पुढच्या-मागच्या बँकेवर नेतात. प्रतींमुळे काही तुटत नाही, कारण प्रतीतही स्टाइलचा तोच पूर्ण पत्ता असतो. कार्यक्रम झाला की फोल्डर पुसून टाका. फक्त एक लक्षात ठेवा: तालमीत सुधारणा केली असेल तर ती प्रतीत झालेली असते. पुसण्याआधी मूळ बँकेवर सेव्ह करा.

ऑडिओ लिंक मल्टी पॅडसाठी वेव्ह फाइल ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ हवी. ऑडिओ लूप कीबोर्डच्या टेम्पोबरोबर ताणला जात नाही, म्हणून तबल्याच्या लूपच्या नावात टेम्पो असलाच पाहिजे. सगळ्या वेव्ह एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याचं नाव जन्मात बदलू नका.

आता यूजर ड्राइव्ह की पेनड्राइव्ह? स्वतःचा कीबोर्ड घेऊन फिरत असाल तर कामाचं सगळं यूजरमध्ये. पेनड्राइव्ह हलतो, सैल होतो, कुणाचा तरी हात लागतो. शिवाय दोन पेनड्राइव्ह लावले की एक यूएसबी १ आणि दुसरा यूएसबी २ ठरतो. बँकेतल्या पत्त्यात तोच ड्राइव्ह असल्याने अदलाबदल झाली की स्टाइल सापडत नाही. पण परगावी भाड्याचा कीबोर्ड घेणार असाल तर गणित उलटं होतं. तिथे संपूर्ण संच पेनड्राइव्हवर हवा, तोही एकटाच लावलेला. यूजरमधला फोल्डर नुसता पेनड्राइव्हवर कॉपी करून भागत नाही, कारण त्या बँका अजून यूजरकडेच बोट दाखवत असतात. आधी स्टाइली पेनड्राइव्हवर कॉपी करा, बँक उघडा, स्टाइल पेनड्राइव्हवरून निवडा, वापरलेल्या प्रत्येक बटणावर पुन्हा मेमरी करा आणि बँक पेनड्राइव्हवर सेव्ह करा. कंटाळवाणं काम आहे. निघण्याच्या आदल्या रात्री करू नका.

भाड्याच्या कीबोर्डवर एक्स्पान्शन पॅक (बाहेरून घालायचे जादा टोन-स्टाइली) चढवू नका. नवा पॅक चढला की आधीचा पूर्ण जातो, म्हणजे मालकाचे टोन उडतात. स्वतःच्या कीबोर्डवरही दोन पॅक एकामागून एक चढवता येत नाहीत. यामाहा एक्स्पान्शन मॅनेजर या कंप्युटरवरच्या प्रोग्राममध्ये दोन्ही एकत्र करून एकच इन्स्टॉल फाइल बनवावी लागते. परगावच्या संचात म्हणूनच फक्त प्रीसेट टोन वापरलेल्या बँका ठेवा.

पेनड्राइव्ह कीबोर्डवरच फॉरमॅट करा. मॅकवर फाइली टाकल्या तर प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक छुपी फाइल तयार होते. मॅकवर ती दिसत नाही, पण कीबोर्डच्या यादीत येऊ शकते आणि उघडत नाही. ती पुसली तरी मूळ फाइलला काही होत नाही.

कॉर्गच्या पीए मालिकेत सगळा संसार एका 'सेट' फोल्डरमध्ये असतो आणि त्याच्या आतल्या फोल्डरांची नावं बदलायची नसतात. साँगबुकची (कॉर्गच्या गाण्यांच्या यादीची) नोंद स्टाइलला पत्त्याने नव्हे, तर ती यूजर बँकेत ज्या जागेवर बसली आहे त्या जागेने ओळखते. म्हणून मित्राचा सेट लोड करून त्याच जागा भरल्या, तर तुमच्या नोंदीवर त्याची स्टाइल वाजते. लोड ऑल करण्याआधी स्वतःचा सेट सेव्ह करा. यामाहा आणि कॉर्ग दोघांच्याही स्टाइल फाइलीचं शेपूट एकच, एसटीवाय. पण आतली रचना वेगळी. यामाहाची फाइल म्हणजे मिडी फाइल आणि तिच्या मागे कॉर्ड कसे बदलायचे त्याची माहिती, तर कॉर्गची म्हणजे स्टाइलींची अख्खी बँक. नाव बदलून ती एकमेकांत चालत नाही.

बॅकअप एसएक्सवर मेनूमधल्या युटिलिटीत, फॅक्टरी रीसेट आणि बॅकअपच्या पानावर आहे. यूजर ड्राइव्ह आणि सेटिंग्ज मिळून पेनड्राइव्हवर एकच फाइल बनते. तिच्यात प्रोटेक्टेड गाणी आणि एक्स्पान्शनचे टोन-स्टाइली येत नाहीत, म्हणून पॅकची इन्स्टॉल फाइल वेगळी जपा. ही बॅकअप फाइल कंप्युटरवर तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि शेवटच्या तीन तरी राखा. एकच ठेवली आणि बिघडलेल्या अवस्थेचा बॅकअप तिच्यावर चढला, तर परत जायला काही उरत नाही. रीस्टोअर करताना यूजर ड्राइव्हमधलं असलेलं सगळं पुसलं जातं. एखादी चुकून पुसलेली बँक परत आणायची असेल तर आधी सध्याचे फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, मग रीस्टोअर करा, हवी ती बँक पेनड्राइव्हवर काढून घ्या आणि बाकीचं आपलं आपल्या जागी, त्याच नावाच्या फोल्डरांत परत ठेवा. त्यापेक्षा बँकांचा फोल्डर दर महिन्याला नुसता कॉपी करून ठेवलेला असला, तर हे काम मिनिटभराचं आहे.