तुम्ही विचारलंत म्हणून: क्रेक यॉर्कशायरचं की डरहमचं?

इंग्लंडमधल्या क्रेक गावच्या घराण्यांचा माग काढणारे हमखास विचारतात: गाव यॉर्कच्या उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर, मग जुन्या कागदांवर यॉर्कशायरऐवजी डरहम काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कशी? लिहिणाऱ्याची चूक असेल का? चूक नाही. १८४४ पर्यंत क्रेक खरोखरच डरहमचं होतं, आणि चहूबाजूंनी यॉर्कशायर. आपल्याकडे सांगली-मिरज संस्थानांची गावं ब्रिटिश मुलखात विखुरलेली असत, तसाच हा प्रकार.

कारण सापडतं थेट सातव्या शतकात. डरहमच्या मठाची परंपरा सांगते की ६८५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाच्या राजा एक्गफ्रिथने बिशप संत कथबर्टला क्रेक आणि भोवतालचा तीन मैलांचा मुलूख दिला. यॉर्कला येता-जाता मुक्कामाला जागा हवी म्हणून. पुढे कथबर्टचा वारसा डरहमच्या बिशपांकडे गेला. त्यांना आपल्या काउंटीत जवळपास राजाचेच अधिकार होते, त्यामुळे त्यांची जमीन कुठेही असली तरी हिशेबात डरहमचीच.

जागाही मोक्याची. हॉवर्डियन टेकड्यांच्या पश्चिम टोकाशी एक उंचवटा, समोर यॉर्कचं सपाट खोरं. माथ्यावर बिशपांचा किल्ला होता; त्याचा पंधराव्या शतकातला बुरूजवजा वाडा आजही उभा आहे. शेजारीच कथबर्टच्या नावाचं चर्च. गावाचं नावही या उंचवट्यावरूनच पडलं, इंग्रजी येण्याआधीच्या केल्टिक बोलीतल्या ‘खडक’ या अर्थाच्या शब्दापासून. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या जमिनींच्या शाही पाहणीत, ते ‘क्रेइक’ असं आढळतं.

आता कामाचं. बदल एका फटक्यात झाला नाही, आणि घोळ तिथेच होतो. संसदेच्या निवडणुकीपुरतं गाव १८३२ मध्येच यॉर्कशायरच्या नॉर्थ रायडिंगला, म्हणजे त्या काउंटीच्या उत्तर विभागाला, जोडलं गेलं. बाकी कारभार २० ऑक्टोबर १८४४ ला, विलग तुकड्यांच्या कायद्याने, म्हणजे दुसऱ्या काउंटीत अडकलेले असे तुकडे भोवतालच्या काउंटीला जोडणाऱ्या कायद्याने. म्हणजे १८४१ साली एकाच घरातला माणूस मतदार म्हणून यॉर्कशायरचा आणि जनगणनेत डरहमचा! तेव्हा १८४१ ची जनगणना डरहमखाली शोधा, १८५१ ची नॉर्थ रायडिंगखाली. १८३७ पासूनच्या जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदींसाठी मात्र काउंटीच्या नादी लागू नका, ईझिंगवल्ड नोंदणी जिल्हा बघा. शोधताना स्पेलिंग दोन्ही तऱ्हांनी टाका, मधे ‘वाय’ (Crayke) आणि मधे ‘आय’ (Craike). एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत दुसरं बरंच भेटतं.

पुढचं सरळ आहे: १९७४ पर्यंत ईझिंगवल्ड ग्रामीण जिल्हा, मग हॅम्बलटन जिल्हा, आणि १ एप्रिल २०२३ पासून जिल्हे रद्द होऊन एकच नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल. नॉर्थ यॉर्कशायर म्हणजे जुनं नॉर्थ रायडिंग नव्हे, हे लक्षात असू द्या. मिडल्सब्रो शहर रायडिंगमध्ये होतं, पण या कौन्सिलमध्ये नाही; हॅरोगेट रायडिंगमध्ये नव्हतं, पण कौन्सिलमध्ये आहे. टपालाच्या पत्त्यात आज ‘यॉर्क’ येतं, पण ती फक्त टपालखात्याची सोय. यॉर्क शहराच्या कौन्सिलचा क्रेकशी संबंध नाही.