किरमिजीच्या खालचा निळा

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांतता, पिवळा म्हणजे आनंद. हे कोष्टक मला कधीच पटलं नाही. आज तर अजिबातच नाही.

संध्याकाळी कागदावर गडद निळ्याचा हात दिला. तो वाळल्यावर वर किरमिजी, अगदी पाण्यासारखा पातळ. पहिला हात नुसता मळकट दिसला, दुसराही तसाच. तिसऱ्या हाताला मात्र खालचा निळा आतून डोकवायला लागला आणि गलबलून आलं. कारण काहीच नव्हतं. तोच किरमिजी बाजूच्या कोऱ्या कागदावरही लावला होता. तिथे तो छान दिसत होता, बस्स. म्हणजे भावना एकट्या किरमिजीत नाही. तो कशावर बसलाय, कुणाला खेटून आहे, त्यावर सगळं ठरतं. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना हेच करून बघायला लावायचे.

अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको असेच पातळ थर चढवत. कडा विरलेल्या, चौकट नाही आणि कॅनव्हास माणसाहून मोठा. जवळ उभं राहिलं की बघायला दुसरं काही उरतच नाही. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे वेगळे. ते रोलरने, पॅलेट नाइफने रंग लावत आणि काढूनही टाकत. स्वतःच्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याच वस्तूवर न बेतलेली, म्हणत. रॉथको मला धरून ठेवतात, गायतोंडे मोकळं सोडतात. मन जड असेल त्या दिवशी मला गायतोंडेच हवे असतात.

मघापासून मात्र डोक्यात रॉथकोंची हार्वर्ड विद्यापीठातली भित्तिचित्रं आहेत. 1964 मध्ये ती तिथल्या एका भोजनकक्षात लावली. किरमिजीत लिथॉल रेड नावाचा लाल रंग होता, तो उन्हाला टिकत नाही. रंग इतका उडाला की 1979 पर्यंत चित्रं उतरवावी लागली. 2014 मध्ये ती पुन्हा मांडली तेव्हा कॅनव्हासला हात न लावता प्रोजेक्टरने वरून प्रकाश टाकून मूळ रंग भरून काढला. काम फार हळुवारपणे केलंय, कौतुकच वाटतं. तरी मला ती प्रोजेक्टर बंद असतानाच बघायची आहेत. रॉथकोंनी लावलेल्या रंगातलं जे उरलंय, तेवढंच. ते फिकटलेलं निळसर बघून गलबलून येईल की नाही, हे समोर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.