हात आखडला, तरी घर आखडू दिलं नाही

घरात दोन पगार येत होते, ते एकावर आले. नवऱ्याची नोकरी गेली आणि पुढची कधी मिळेल याचा अंदाज कुणालाच नव्हता. भाडं, मुलांची फी, सासूबाईंची औषधं, यातलं काहीच कमी होणार नव्हतं. अशा वेळी पहिली कात्री चालते ती येण्याजाण्यावर. आमचा गोतावळा मोठा. अधूनमधून कुणाच्या तरी घरी सगळे जमतात, आणि आमचं घर तळमजल्यावर असल्यामुळे, म्हाताऱ्या माणसांना जिने चढायला नकोत म्हणून, आमच्याकडे जरा जास्तच. ‘काही महिने आपल्याकडचं बंद ठेवू’, असं नवरा म्हणाला. मी स्पष्ट नाही म्हटलं. नोकरी गेलेला माणूस आधीच चारचौघांत जायचं टाळत असतो. त्यात घरी येणारेही थांबले तर तो आणखी आत आत जातो. सासूबाईंना भावंडं भेटली की पुढचे कितीतरी दिवस बरे जातात. पैसे कमी झाले म्हणून माणसंही कमी करायची, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

मग बसून हिशेब मांडला. पहिला महिना काहीही कमी न करता नुसतं लिहून काढलं. मोबाईलवर अॅप आहेत, पण मी वहीच घेतली, कारण ती स्वयंपाकघरात सगळ्यांच्या समोर राहते आणि कुणालाही लिहिता येतं. हानी मोतोको या जपानी पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही काढली होती. ‘काकेइबो’ या नावाने ती पद्धत अजून चालते. तीत खर्चाचे चार भाग करतात: गरजेचं, हौशीचं, वाचन-शिक्षण-कला यांसारखं मनासाठी लागणारं, आणि अचानक उपटलेलं. मी हेच चार रकाने आखले आणि शेजारी पाचवा आखला. त्याचं नाव ‘माणसं’.

माझ्या मते आमचं सगळं गणित या पाचव्या रकान्यामुळे जमलं. एरवी पाहुण्यांचा खर्च महिन्याच्या शेवटी जे उरेल त्यातून करायचा असतो, आणि ओढाताणीच्या घरात शेवटी काहीच उरत नाही. म्हणून भाडं जसं पहिल्या आठवड्यात बाजूला काढतो तशीच या रकान्याची छोटीशी रक्कम पाकिटात घालून ठेवायची ठरवली. रक्कम छोटी असली तरी ती तिथे आहे हे माहीत असल्यामुळे ‘रविवारी येऊ का?’ असा फोन आला की पोटात गोळा येत नसे. वर्षातून एकदाच येणारे खर्चही, म्हणजे विम्याचा हप्ता, वह्या-पुस्तकं, दुरुस्त्या, बाराने भागून दर महिन्याला बाजूला काढायला लागलो. ते काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त झोप त्यानेच लागली.

वही भरत गेली तसं दिसलं की काटकसर करूनही किराण्याचा वाटा वाढतोच आहे. मी घाबरले होते. मग आठवलं, अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच हे दाखवून दिलं आहे: घराचं उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला खाण्यावरचा हिस्सा मोठा. बाकीचं पुढे ढकलता येतं, पोट ढकलता येत नाही. म्हणजे आमच्या हातून काही उधळपट्टी होत नव्हती. हे कळल्यावर मी ताटातलं कमी करायचा विचार सोडून दिला आणि फक्त खरेदीची रीत बदलली. पाकिटावरच्या किमतीऐवजी किलोमागे किंवा लिटरमागे काय पडतं ते बघायचं, घरात काय आहे ते बघून आठवड्याचा बेत ठरवायचा आणि मगच यादी करायची.

आता घराच्या आरामाबद्दल. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. घर सुखाचं करायचं म्हटलं की लोक सामानाकडे बघतात. मी प्रत्येकाला विचारलं, घरात कुठे बसलं की त्रास होतो? उत्तरं अगदी साधी आली. मुलाला अभ्यासाच्या कोपऱ्यात अंधार वाटत होता. सासूबाईंना सोफ्यावरून उठता येत नव्हतं. नवऱ्याला बाहेरच्या खोलीत दुपारनंतर उकडायचं. दिवे सोडले तर यातल्या एकाही गोष्टीला नवं सामान लागलं नाही.

उजेडाचं आधी केलं. जुना तारेचा साठ वॅटचा दिवा जेवढा उजेड देतो, तेवढा आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो, त्यामुळे राहिलेले जुने दिवे बदलणं हा परत मिळणारा खर्च होता. पण नुसती वीज वाचली म्हणून खोली छान वाटत नाही. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० असेल तर प्रकाश पांढरा-निळसर पडतो, २७०० ते ३००० असेल तर पिवळसर, मऊ. अभ्यासाच्या टेबलावर पांढरा ठेवला आणि बैठकीत पिवळसर लावला. छताच्या मधोमध लावलेल्या एकाच प्रखर दिव्याखाली माणसांचे चेहरे थकलेले दिसतात. तोच उजेड कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या टेबललॅम्पचा असला की जुन्या भिंतीही बऱ्या दिसतात आणि गप्पाही रंगतात. हा लॅम्प आमच्याच माळ्यावर पडून होता.

उन्हाचं कारण खिडकीत होतं. खिडकी पश्चिमेची, आणि पडदे आतून लावलेले. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडद्याने ते फक्त डोळ्यांआड होतं, त्याची उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर फरक पडतो. जुनी जाड चादर दुहेरी शिवून खिडकीच्या बाहेरून दोरीवर बांधली, दुपारी सोडायची आणि संध्याकाळी गुंडाळायची. बाहेर गारवा पडला की समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडायच्या, एकच उघडून वारा खेळत नाही.

सोफ्याचंही सोपं निघालं. बसायची उंची साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर असली की बहुतेक मोठ्या माणसांना उठणं जमतं. आमचा सोफा त्याहून खाली आणि मऊ असल्यामुळे बसलं की अजून खाली जायचा. सासूबाईंसाठी हात असलेली साधी खुर्ची बैठकीत आणली आणि तिच्यावर घट्ट उशी बांधली. हात महत्त्वाचे, उठताना भार त्यांच्यावर येतो. त्या दिवसापासून त्या आपण होऊन बैठकीत येऊन बसायला लागल्या. आधी त्यांना एकटं राहायला आवडतं असं आम्ही समजत होतो.

हे सगळं उभं राहिल्यावर मी नणंदेला फोन केला. हा फोन मला सगळ्यात जड गेला. ‘ताई, या वेळी आमच्याकडेच जमू या, पण एकच मुख्य पदार्थ मी करणार आणि बाकीचं प्रत्येकाने एकेक आणायचं. सध्या हात तंग आहे’, असं सरळ सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ताई म्हणाल्या, ‘वहिनी, बरं झालं बोललीस. मागच्या वेळी माझीही फार ओढाताण झाली होती, पण बोलायचं कसं?’ नंतर कळलं की आणखी दोन घरांत हीच अवस्था होती. सगळेच एकमेकांसाठी झेपत नसताना थाट करत होते. कुणीतरी आकडा उघड बोलल्याशिवाय हा थाट खाली येत नाही.

सगळ्यांनी तितक्या सहजपणे घेतलं नाही. एका ज्येष्ठ नातेवाइकांनी सगळ्यांच्या देखत म्हटलं, ‘पाहुण्यांना डबे घेऊन बोलावणं आपल्या घरात कधी झालं नव्हतं.’ नवरा उठून आत गेला. मला काही सुचेना, तेव्हा सासूबाईच बोलल्या: ‘पाहुणे कोण आहेत इथे? सगळी घरचीच तर आहेत.’ नवऱ्याला सावरायला त्यानंतरही वेळ लागला, आणि त्याच्या दुःखाला मी कधीच क्षुल्लक म्हटलं नाही. कमावत्या माणसाला आपल्या घरी येणाऱ्यांनी काही आणावं हे लागतंच. म्हणून पुढच्या वेळी पदार्थांची वाटणी त्यानेच फोन करून केली. सूत्रं हातात आली तशी त्याची घुसमट कमी झाली.

वाटणीबद्दल एक सांगते. ‘येताना काहीतरी आण’ असं कधी म्हणू नये, तीन घरांतून एकच पदार्थ येतो. पदार्थाचं नाव आणि किती माणसांपुरता ते दोन्ही सांगावं. ज्यांना स्वयंपाक जमत नाही त्यांना भांडी घासायला, मुलांना खेळवायला किंवा वयस्कांना नेण्या-आणण्याला लावावं. ज्याच्या घरी तंगी असेल त्यालाही असं काम मिळालं की मान खाली घालावी लागत नाही.

प्रमाणाचा अंदाज आला तसं उरणं कमी झालं. दर मोठ्या माणसामागे पंचाहत्तर-ऐंशी ग्रॅम कोरडं धान्य पुरतं, शिजून ते अडीच-तीन पट होतं. भिजवून शिजवलेलं कडधान्य साधारण दुपटीहून जास्त भरतं. आणि पदार्थ जितके वाढवावे तितकं उरतं, कारण प्रत्येकजण प्रत्येकातलं थोडं थोडं घेतो. तीन पदार्थ, पण भरपूर, हे आमचं प्रमाण ठरलं. वेळही बदलली. भर जेवणाच्या वेळेऐवजी दुपार कलल्यावर जमायला लागलो. हलकं खाणं, मग खूप वेळ गप्पा, आणि रात्रीच्या आत सगळे घरी.

उरलेलं टाकणं म्हणजे पैसे टाकणं, पण उरलेल्याने कुणी आजारी पडलं तर औषधाला त्याहून जास्त लागतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवत नाही, कडक उन्हाळ्यात एकच तास. साधारण पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर त्याचा मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. त्यामुळे पसरट, उथळ डब्यांत काढून मग आत ठेवायचं, आणि फ्रिज चार अंशांच्या आसपास. जाताना प्रत्येकाच्या हातात त्याचाच डबा थोडा भरून द्यायचा, म्हणजे मागे फार राहतच नाही.

खोली लहान आणि माणसं जास्त, यासाठीही थोडा विचार लागला. शांत बसलेला माणूस जवळजवळ शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो. दहा-बारा जण एका खोलीत बसले की तिथे हीटर लावल्यासारखंच होतं. म्हणून लोक यायच्या आधीच खोली गार करून घ्यायची, स्वयंपाक शक्यतो सकाळी उरकायचा, आणि गर्दी झाली की टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावायचा, म्हणजे गरम हवा बाहेर फेकली जाते आणि दुसऱ्या खिडकीतून ताजी येते. जेवायला बसताना माणशी साठ सेंटीमीटर जागा धरावी. तेवढी नसेल तर दोन गट करावेत. आम्ही मुलांना आणि वयस्कांना आधी बसवतो. मोकळ्या खोलीत आवाज घुमून वयस्कांना बोलणं ऐकू येत नाही, तिथे जमिनीवर जाड सतरंजी आणि भिंतीशी गाद्या टाकल्या की घुमणं बरंच कमी होतं. गाद्या शेजारच्या घरातून येतात. आपल्या वस्तू त्यांच्याकडे तितक्याच मोकळेपणाने जातात.

मध्यंतरी नवऱ्याला काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी. वही चालू आहे. ‘माणसं’ हा रकाना आता माझी मुलगी लिहिते, तिच्या अक्षरात. त्यात या महिन्यापासून थोडी भर घातली आहे ती हात असलेल्या दोन घडीच्या खुर्च्यांसाठी, कारण आत्यांचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. पुढच्या वेळी जमायचं आहे ते ताईंकडे. मला त्यांनी पदार्थ सांगितला आहे, पंधरा माणसांपुरता.