घाट उतरल्यावर कोकण सपाट होत नाही

साताऱ्याचा सायकलवाला चढाला घाबरत नाही. यवतेश्वर आणि कासचा रस्ता दाराशीच असल्याने पायांना चढाची सवय असते. त्यामुळे गुहागरची राइड ठरली की नवीन मंडळी हिशोब मांडतात: सातारा साधारण ७०० मीटर उंचीवर, समुद्र शून्यावर, म्हणजे जाताना उतारच उतार. हा हिशोब चुकतो, आणि तो चुकतो म्हणूनच दरवर्षी कुणाचे तरी ब्रेक घाटाखालच्या पोफळीपर्यंत पोचता पोचता संपतात, कुणी पालशेतच्या पुढच्या चढावर सायकल ढकलत असतो. क्लबच्या कोकण राइडला नव्याने येणाऱ्यांनी निघण्याआधी हे वाचावं.

आमचा नेहमीचा मार्ग उंब्रजवरून आहे. महामार्गाने नागठाणे, अतीत, काशीळ करत उंब्रज, तिथून आत वळून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट आणि चिपळूण. साधारण सव्वाशे किलोमीटर होतात. आंबेनळी घाटही सुंदर आहे, पण त्यासाठी आधी महाबळेश्वर चढावं लागतं आणि खाली पोलादपूरला उतरल्यावर समुद्र अजून लांबच राहतो. मोठ्या गटाला कुंभार्लीच बरी.

पहाटे पाचला निघायचं ते उंब्रजपर्यंतचा महामार्ग गर्दी व्हायच्या आत संपवण्यासाठी. पण नोव्हेंबर ते मार्च हा उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याशिवाय चाललेले असतात, आणि ट्रॉलीतून सांडलेल्या उसाच्या कांड्या चाकाखाली चिरडून रस्त्याला चिकटलेल्या असतात. अख्खी कांडी २८ मिलिमीटरच्या टायरखाली आडवी आली तर पुढचं चाक सरकतंच. म्हणून अंधारात एकेरी रांग, पुढच्याच्या चाकापासून निदान एक सायकल अंतर, आणि पुढच्याने ‘कांडी’ म्हणून ओरडायचं. हाताने खूण करणं अंधारात निरुपयोगी. मागचा लाल दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवावा. लुकलुकत्या दिव्याचं अंतर मागच्या सायकलवाल्याला कळत नाही आणि त्याच्या डोळ्यांना त्रास होतो तो वेगळाच. फक्त रांगेतल्या शेवटच्या सायकलचा दिवा लुकलुकता असावा.

एका तुकडीत सात-आठ जण, त्याहून जास्त नकोत. पंधरा जण असतील तर दोन तुकड्या करून त्यांच्यात पाच मिनिटांचं अंतर. पंधरा सायकलींची रांग एसटीला एका दमात ओलांडता येत नाही, मग ती मधेच आत घुसते. प्रत्येक तुकडीत एक पुढारी आणि एक शेपूट. शेपटाला आम्ही सगळ्यात अनुभवी माणूस ठेवतो, कारण पंक्चर, पोटात कळ आणि तुटलेली चेन हे सगळं मागेच घडतं. त्याच्याकडे चेनटूल, दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा, आणि प्रेस्टा व्हॉल्व्हचं (रोड बाईकच्या ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हचं) अडॅप्टर असतं. हे अडॅप्टर पितळेचं, बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतं, पण त्याच्याशिवाय पाटणच्या पुढच्या एकाही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने तुमच्या रोड बाईकच्या ट्यूबमध्ये हवा जात नाही. हवा भरताना नळी आपल्या हातात घ्यावी. मोटारसायकलच्या सवयीने तो दाबून धरतो, आणि पातळ ट्यूब दोन सेकंदांत टायरबाहेर येऊन फुटते.

पाटणला नाष्टा आणि कोयनानगरला पाणी. तिथून पुढे घाटमाथा येतो, आणि राइडचं सगळ्यात नाजूक काम सुरू होतं.

कुंभार्लीत साधारण सहाशे मीटर उतरायचं आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले तर या उतारात जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे पाच लाख जूल. दीड लिटर पाणी उकळीला आणायला तेवढीच लागते. त्यातली काही हवेच्या विरोधात जाते, पण तुम्ही जितके सावकाश उतराल तितका हवेचा वाटा कमी आणि ब्रेकचा वाटा जास्त. घाबरून ब्रेक सतत घासत दहा-पंधराच्या वेगाने उतरणाऱ्याचे ब्रेक जळतात ते यामुळेच. रिम ब्रेक (चाकाच्या कडेलाच धरणारा) असेल तर रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते, आणि पॅचचा डिंक सुटून वळणावर टायर बसतो. कार्बनच्या रिमा रिम ब्रेकसह घाटात आणूच नयेत. उष्णतेने त्यांचे थर सुटतात. डिस्क ब्रेक असेल तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही.

बरोबर पद्धत ही: सरळ रस्त्यावर सायकल २५-३० पर्यंत पळू द्यायची, वळण दिसलं की वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दोन-तीन सेकंद जोराने लावून वेग पाडायचा, मग सोडून वळण घ्यायचं. दोन ब्रेकांच्या मधला मोकळा वेळ म्हणजे रिमला किंवा डिस्कला थंड व्हायला मिळालेला वारा. हात हँडलच्या खालच्या वळणात. वरून ब्रेक धरला तर बोटं दहा मिनिटांत दुखतात आणि घट्ट दाबता येत नाही. वळताना बाहेरचा पाय खाली, वजन त्या पायावर. घाटात वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, आणि तीव्र वळणावर वर येणारा ट्रक आपली लेन सोडून आत येतोच. तेव्हा वळणाच्या पलीकडलं दिसत नसेल तर डावी कड सोडू नये.

दोन सायकलींत दोन विजेच्या खांबांमधलं अंतर ठेवा. ताशी ३० च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर थांबायला, ब्रेक लावायचं सुचण्याचा एक सेकंद धरून, वीसेक मीटर लागतात. रिम ओली असेल तर पॅड आधी पाणी पुसतो आणि मगच धरतो, म्हणून ओल्यात दुप्पट धरावं. जून ते सप्टेंबर आम्ही मोठ्या गटाला कुंभार्लीत उतरवत नाही. धुक्यात मागच्या वाहनाला सायकल दिसत नाही, आणि दरडीतून आलेली खडी वळणाच्या नेमकी आतल्या बाजूला साचलेली असते. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तो पाऊस याच डोंगरांवर पडला होता.

निघायच्या आदल्या आठवड्यात एवढं तपासा. रिम ब्रेकच्या पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पॅड बदला. डिस्क पॅडवर धातूची पाठ सोडून एक मिलिमीटर मालही नसेल तर बदला. कंपन्या अर्धा मिलिमीटर सांगतात, पण तो आकडा घाटाच्या माथ्यावर गाठायचा नसतो. नवे पॅड आदल्या रात्री घालू नयेत. पंचवीस-तीस वेळा वेगातून ब्रेक लावून ते बसवावे लागतात, त्याशिवाय धरत नाहीत. हवा ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७५ पीएसआयच्या आसपास पुरे. शंभर भरली तर जांभ्याच्या खडीवर सायकल उड्या मारते.

घाटाखाली जी नदी भेटते ती वाशिष्ठी. कोयनेचं पाणी बोगद्यांतून वीजघरांत पडून शेवटी हिच्यातच सोडलं जातं. कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी आपली कोयना इथे अरबी समुद्राकडे जाते, हे चिपळूणच्या पुलावर थांबून पाहण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी चिपळूण ते गुहागर, पंचेचाळीसेक किलोमीटर. हे अंतर सकाळी दहाच्या आत संपवावं, आणि त्याचं कारण वारा. हिवाळ्यात सकाळी हलका वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, म्हणजे पाठीवर. अकराच्या सुमाराला तो फिरतो, आणि दुपारी वायव्येकडून सरळ तोंडावर येतो. तोच वारा गुहागरहून दक्षिणेला पालशेत, वेळणेश्वर, हेदवीकडे निघालात की मागून-बाजूने मदत करतो. म्हणून सकाळी पश्चिमेला, दुपारचं ऊन उतरल्यावर दक्षिणेला, अशी आमची आखणी. उलट बाजूला, उत्तरेला दापोलीकडे जायचं तर धोपावे-दाभोळची फेरीबोट घ्या. खाडीला रस्त्याने वळसा घालायचा तर चिपळूण-खेडवरून शंभराच्या वर किलोमीटर होतात, तेव्हा बोट चालू असल्याची खात्री आधी करून घ्यावी. धक्क्याचा उतार भरती-ओहोटीत भिजत राहिल्याने शेवाळलेला असतो. तिथे सायकलवरून उतरून, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट असतील तर काढून, अनवाणी चालावं.

किनाऱ्याचा रस्ता नकाशावर समुद्राला चिकटलेला दिसतो, पण सायकलला तो वर-खाली, वर-खाली असतो. गाव खाडीशी, मग चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, पुन्हा उतरून पुढचं गाव. चढ एक-दीड किलोमीटरचेच, पण काही ठिकाणी दहा टक्क्यांचे, आणि घाटासारखी लय त्यांत सापडत नाही. इथे पुढे ३४ दात आणि मागे २८ दातांची मोठी चकती कमी पडते. दहा टक्क्यांच्या चढावर पायाचे मिनिटाला साठ फेरे ठेवायचे तर या गिअरला २१० वॉटच्या वर जोर लागतो. मागे ३४ दातांची चकती असली तर १७५ च्या आसपास. दिवसभरात असे दहा चढ आले की या फरकानेच गुडघे वाचतात. मात्र कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलण्याआधी तुमचं डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात पेलतं का ते पाहा. लहान पिंजऱ्याची पुष्कळ डिरेल्युअर २८-३० लाच थांबतात, आणि चेनही काही कड्या लांब लागते.

कोकणातली थकवा आणणारी दुसरी गोष्ट म्हणजे घाम. देशावर तो वाळतो आणि अंग गार करतो, इथे हवेतल्या ओलीमुळे वाहूनच जातो. तासाला ६००-७५० मिली पाणी जातं. नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस ठेवा. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच. अर्ध्या लिटरमध्ये दाट केलेलं पोटात राहत नाही. वाटेत कोकम सरबत घ्यावं, पण मीठ घालून मागावं. खाणं तासाला ४०-६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन केळी, किंवा एक केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. माशांचा रस्सा दुपारी खाल्लात तर त्यानंतर दीड तास सायकलला हात लावू नये, आम्ही लावू देत नाही.

तिसऱ्या दिवशी हेदवीहून चिपळूणला येऊन सायकली पिकअपमध्ये चढवतो. घाट चढायचाच असेल तर चौथा दिवस काढून पहाटे निघावं. दुपारी तो पश्चिमेच्या उन्हात तापतो. पिकअपमध्ये सायकली एक आड एक उलट्या दिशेने, मधे गोधड्या, आणि डिरेल्युअरची बाजू कधीही दुसऱ्या सायकलच्या वजनाखाली नाही. हँगर (डिरेल्युअर ज्यावर बसतं तो फ्रेमचा तुकडा) जरा वाकला तरी हलका गिअर टाकताच डिरेल्युअर आऱ्यांत जातं. हायड्रॉलिक डिस्कचं चाक काढलं तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी घाला, नाहीतर लिव्हर दाबला जाऊन पिस्टन बंद होतात आणि साताऱ्यात चाक बसत नाही.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी सायकल धुवायची. मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं, म्हणून अंगणात कोरडी दिसणारी सायकलही आतून गंजत असते. साधं नळाचं पाणी, जोर न देता, वरून खाली. प्रेशर वॉशरने तेच मीठ बेअरिंगच्या आत ढकललं जातं. चेन पुसून वाळवून तेल. आऱ्यांच्या निपलपाशी पाणी साचतं तिथे कापड फिरवा. सीटपोस्ट काढून पुसा, ग्रीसचा पातळ हात देऊन परत घाला. कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. हे राहिलं तर पुढच्या हंगामात सीटची उंची बदलायला जाल तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची नळी फ्रेममध्ये अशी धरलेली असेल की ती करवतीने कापून काढावी लागेल.