गाडीच्या बॅटरीवर घर चालवताना

६० युनिटची बॅटरी असलेली इलेक्ट्रिक गाडी दारात उभी आहे म्हटल्यावर, वीज गेली तर घर तिच्यावर किती दिवस चालेल याचा लोक लगेच भागाकार करतात. फ्रिज दिवसाला दीड युनिट, दोन साधे पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून सव्वादोन. म्हणजे रोजचे चारच्या आत. ८० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत उतरवलं तर ३६ युनिट मिळतात, म्हणजे नऊ दिवस निघाले!

निघत नाहीत. व्हीटूएल (गाडीच्या बॅटरीतून बाहेरच्या उपकरणांना वीज देणारी सोय) चालू असेपर्यंत गाडी झोपत नाही. कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), कंट्रोलर, कूलिंगचा पंप, १२ व्होल्टची बॅटरी भरणारा कन्व्हर्टर असं सगळं जागं राहतं, आणि त्यातच अनेक गाड्यांत २०० ते ४०० वॅट जातात. ३०० धरले तर दिवसाला सात युनिट, म्हणजे घरापेक्षा जास्त गाडीच खाते. वर बॅटरीच्या डीसी विजेची घरात लागणारी एसी वीज करताना दहाएक टक्के जातात. नऊ दिवसांचे तीन होतात ते असे.

म्हणून फ्रिज आणि राउटरसाठी गाडी रात्रभर जागी ठेवू नये. मध्ये इन्व्हर्टर-बॅटरी ठेवा, गाडीतून ती भरा आणि गाडी बंद करा. पण बॅटरी लिथियम हवी. लेड-ॲसिड भरायला दहा-बारा तास लागतात, मग गाडी तेवढा वेळ जागीच आणि बचत शून्य. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी ५० अँपिअरने दोन-सव्वादोन तासांत भरते, आणि वर हिशेबात धरलेलं घर त्यावर दिवसभर निघतं. मात्र इन्व्हर्टरचा चार्जिंग करंट सेटिंगमध्ये तपासा. व्हीटूएलची मर्यादा बहुधा ३.३ ते ३.६ किलोवॅट असते, आणि चार्जिंग चालू असताना घराचा लोडही त्याच वाटेने जातो, म्हणजे दोन्ही मिळून त्या मर्यादेत बसायला हवेत.

पाण्याचा पंप हा नेहमीचा घोळ. एक एचपीची मोटर चालताना किलोवॅटभर घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, आणि गाडी आउटपुट तोडते. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा तिचा वेग सांभाळणारा व्हीएफडी नसेल तर पंप यावर लावू नका. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे तो सहसा चालतो.

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर सॉकेटात खुपसून घरात वीज सोडायची, हा उद्योग कोणी सुचवला तर त्याला घरात घेऊ नका. मेन स्विच चालू राहिला तर वीज उलट लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला माणूस मरू शकतो. वीज परत आली की दोन्ही पुरवठे भिडतात ते वेगळंच. घराला एका वेळी ग्रिड किंवा गाडी यांपैकी एकच पुरवठा जोडणारा चेंजओव्हर स्विच लावा, आणि तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा घ्या. काही गाड्या न्यूट्रल आणि अर्थ आतच जोडतात. घरचा न्यूट्रल तसाच जोडलेला राहिला तर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) विनाकारण पडत राहतो. उलट, काही गाड्यांत हा जोड नसतो. तिथे लाइव्ह वायर अर्थला लागली तरी आरसीसीबी पडेलच असं नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून हे कळत नाही, कारण ते अर्थवर अवलंबून नसतं. न्यूट्रल-अर्थ जोड वायरमनकडून मीटरने मोजून घ्या.

छतावर ग्रिडला जोडलेला सोलर असेल तर त्याचा एसी बाजूचा ब्रेकर आधी पाडा. गाडीचा पुरवठा ग्रिडच आहे असं समजून सोलरचा इन्व्हर्टर सुरू झाला, तर जादा वीज उलट गाडीत घुसते. ती घ्यायला व्हीटूएल बनवलेलंच नसतं.